सरळ केलेली नाणी

१

शेतातला जव कापून झाला की क्लिफर्ड लार्टरचं वर्ष सुरू व्हायचं. गूचच्या शेतात नुसती धसकटं उरायची आणि क्लिफर्ड जमिनीतला धातू शोधायचा डिटेक्टर खांद्याला अडकवून बांधावर जाऊन उभा राहायचा. नॉरफोकच्या त्या भागात चर आणि नाले उपसण्यात त्याची सगळी नोकरी गेली होती. जमिनीशी त्याचं जुनं नातं होतं. निवृत्त झाल्यावर गूचने त्याला शेतात फिरायची परवानगी दिली होती. अट एकच, खणलेला खड्डा बुजवायचा आणि जे मिळेल त्यात निम्मा वाटा शेताच्या मालकाचा.

हल्ली बायकोच्या आजारपणामुळे त्याला दिवसातून दोनच तास मिळायचे. सकाळी अ‍ॅविसला उठवून बसवायचं, गोळ्या द्यायच्या, वाफेचं यंत्र लावायचं, चहा करायचा, फोन तिच्या हाताशी ठेवायचा आणि निघायचं. गेल्या हिवाळ्यात नॉरिचच्या इस्पितळात ती एकेचाळीस दिवस होती. घरी सोडताना डॉक्टरांनी क्लिफर्डला बाजूला घेतलं होतं. "असा आणखी एक हिवाळा त्यांच्या छातीला झेपणार नाही, मिस्टर लार्टर," ते म्हणाले होते, अगदी हळू, जणू त्याच्याच छातीबद्दल बोलत असावेत. जिना चढणं अ‍ॅविसला बंद झालं, म्हणून तिची खाट खालच्या पुढच्या खोलीत आणली. क्लिफर्ड तिच्याजवळ आरामखुर्चीत झोपायचा. वरच्या दोन खोल्यांत आता कुणी राहत नव्हतं. धुतलेला सदरा आणण्यापुरता तो वर जायचा.

त्या दिवशी कुंपणाच्या कोपऱ्यात हेडफोनमध्ये आवाज आला. चांदीचा आवाज गोल असतो, लोखंडासारखा खरखरत नाही. क्लिफर्डने गुडघे टेकले, फावड्याने मातीचं ढेकूळ उचललं आणि बोटांनी चाचपलं. एक निघालं. मग त्याच खड्ड्यात दुसरं. मग तिसरं.

"काय रे, बाटलीचं झाकण?" पलीकडून डेन्झिल मॉब्ज ओरडला. दोघं पंधरा वर्षं बरोबर फिरत होते.

"तुझ्या सासऱ्याचा दात!"

"मग ठेव तुलाच. आयुष्यभर माझ्यावर विचकलेत त्याने."

मॉब्ज धापा टाकत आला. क्लिफर्डच्या तळहातावर नखाएवढ्या तीन चांदीच्या पेनी होत्या. सहा-सातशे वर्षांच्या तरी असतील. पण तिन्ही मधोमध दुमडलेल्या.

"नांगराने वाकवल्या," मॉब्ज म्हणाला.

"तिन्ही? अगदी मधोमध?"

"नांगराला काय कळतंय मधोमध! उघड ना, राजा कोण आहे बघू."

"इथे नको. तुटेल."

"मग घरी जा आणि चामड्यात घालून बस उबवत. एवढा धीर आपल्यात नाही, बाबा." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आणि एका खड्ड्यात तीन म्हणजे सरकारात कळवावं लागतं, माहितीय ना? मी काही बघितलं नाही. मी सासऱ्याचा दात बघितला."

क्लिफर्ड हसला. खड्डा बुजवून त्याने ढेकूळ बुटाने नीट दाबलं.

२

वाकलेलं नाणं सरळ करायची क्लिफर्डची स्वतःची रीत होती. गॅस अगदी बारीक करायचा, पत्र्याच्या झाकणावर नाणं ठेवून ऊब द्यायची, मग चामड्यात गुंडाळून लाकडाच्या दोन गुळगुळीत पट्ट्यांमध्ये धरायचं आणि केसभर दाबायचं. पुन्हा ऊब, पुन्हा केसभर. घाई केली की चांदी तडकते. एका नाण्याला दुपार जायची. या दुपारी त्याला कुणी हाक मारत नसे, कारण अ‍ॅविस झोपलेली असायची. थकलेल्या माणसाला असं काम बरं वाटतं. हात चालू राहतात आणि डोकं गप्प बसतं.

चार वाजायच्या सुमारास पहिली पेनी उघडली. आत राजाचा चेहरा होता, दोन टिंबांचे डोळे आणि कानांवर कुरळे केस. कपाळापासून हनुवटीपर्यंत घडीची रेघ गेली होती. क्लिफर्डने ती खिडकीपाशी नेऊन पाहिली.

"क्लिफ," पुढच्या खोलीतून अ‍ॅविसची हाक आली. "पाणी पी रे जरा. कधीचा खोकतोयस."

तो नाणं हातात घेऊनच दारात आला. "मी कुठे खोकलो?"

"मग वर कोण आहे? बायको ठेवलीस का दुसरी?"

"ठेवली असती, पण एकीचाच चहा करून कंबर मोडली."

ती हसली, आणि हसण्याचा खोकला झाला. तिचा खोकला त्याला पाठ होता, ओला आणि खोल. तो तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. तिचा खोकला थांबला तेव्हा त्याला दुसरा ऐकू आला. वरून येत होता. कोरडा होता, लहान होता, आणि प्रत्येक वेळी तीनदाच यायचा.

तो वर गेला. मागच्या खोलीत पाहुण्यांसाठी ठेवलेली अरुंद खाट, कपड्यांचं कपाट आणि त्याच्या नाण्यांची खोकी होती. वरच्याच पुढच्या खोलीत तर खाटही उरली नव्हती. खिडक्या बंद होत्या. धुराड्यात कबुतर असेल, असं त्याने ठरवलं. भिंतीपलीकडे मिसेस पाय राहायच्या, त्यांचाही खोकला असू शकेल. पण जिना उतरता उतरता त्याला आठवलं की मिसेस पाय रविवारीच बहिणीकडे गेल्या होत्या, आणि जाताना मांजराला खायला घालायला त्यालाच सांगून गेल्या होत्या.

मग कबुतरच.

३

दुसऱ्या दुपारी त्याने दुसरी पेनी उघडली. या खेपेला खोकल्याकडे त्याने लक्ष दिलं नाही. पण संध्याकाळी सदरा आणायला वर गेला, तेव्हा अरुंद खाटेवरची उशी दबलेली दिसली. तो तिला सारखी करायला गेला आणि हात तिथेच राहिला. उशी गरम होती. उन्हाने तापते तशी नाही, त्या खोलीत ऊन येतच नव्हतं. ताप आलेल्या डोक्याखालून काढलेली उशी जशी असते, तशी होती. थोडी ओलसर. गेल्या हिवाळ्यात अशा किती उशा त्याने पालथ्या करून ठेवल्या होत्या.

त्याने याही वेळी सवयीने ती पालथी केली. मग खाली आला आणि सूप गरम करायला ठेवलं. आपण थकलोय, असं त्याने स्वतःला सांगितलं. जेमतेम चार तास झोप मिळणाऱ्या माणसाच्या हातांना काहीही गरम लागू शकतं.

तिसरी पेनी सर्वांत घट्ट दुमडलेली होती. ती बुधवारी उघडली.

त्यानंतर वर चालण्याचा आवाज सुरू झाला. चार पावलं, थांबणं, वळणं, पुन्हा चार पावलं. खोकला आला की पावलं थांबायची, खोकला संपला की चालू व्हायची. क्लिफर्ड स्वयंपाकघरात मान वर करून उभा राहिला. ही चाल चोराची नव्हती, कुणाला घाबरवणाऱ्याचीही नव्हती. टाच न वाजवता, फळी करकरणार नाही अशा बेताने कुणीतरी चालत होतं. त्याला ती चाल लगेच ओळखता आली. तो स्वतः तशीच चालला होता, इस्पितळाच्या व्हरांड्यात आणि नंतर या घरात. माणूस बसला तर झोप लागेल आणि झोप लागली तर काही होईल, म्हणून चालत राहतो तेव्हा असा चालतो.

"क्लिफ, वर काय फेऱ्या मारतोयस?" अ‍ॅविस म्हणाली. "बस की जरा. तुझी पावलं ऐकूनच मला दम लागतो."

तो तिच्या उशाशीच बसला होता. तिचे डोळे मिटलेले होते, म्हणून तिला ते कळलं नव्हतं.

"बसतो," तो म्हणाला.

४

गुरुवारी गावच्या वाचनालयात मिस थर्टल यायची. शेतांत सापडलेल्या जुन्या वस्तू बघून त्यांची नोंद करणं हे तिचं काम. वयाने लहान, पण चांदीच्या तुकड्यावरून काळ सांगायची. क्लिफर्डने तिच्यापुढे एकच पेनी ठेवली. तिन्ही दाखवल्या असत्या तर त्या खजिना ठरून नॉरिचला गेल्या असत्या, आणि या वयात त्याला कागदपत्रांचा कंटाळा होता.

तिने भिंग लावलं, उचलून तोलून पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला.

"सरळ केलीत, मिस्टर लार्टर?"

"दुमडलेली होती. नांगराने."

"नांगराने नाही हो." तिने घडीच्या रेघेवरून नख फिरवलं. "हे हाताने वाकवलंय. त्या काळी घरात कुणी आजारी पडलं की चांदीची पेनी त्याच्या डोक्यावर धरायचे आणि वाकवायचे. नवसच तो. हा बरा होऊ दे, ही पेनी संताची. मग ती कुणी खर्चायची नाही आणि कुणी उघडायचीही नाही. आमच्या संग्रहालयात अशी दुमडलेलीच ठेवतात." तिला त्याचा चेहरा दिसला असावा. "जाऊ दे. तुम्हाला कुठे माहीत होतं! सगळेच करतात."

"आणि माणूस बरा व्हायचा?"

"ते कोण सांगणार?"

"एकाच माणसासाठी तीनदा वाकवायचे का?"

तिने भिंग खाली ठेवलं. "तीन आहेत?"

"नाही, नाही. सहज विचारलं."

"तीन वाकवल्या असतील तर," ती म्हणाली, "दोनदा बरं वाटून पुन्हा उलटलं असेल. बिचारी आई असेल कुणी. बायकाच करायच्या बहुतेक."

तिने नोंद केली, फोटो काढला आणि पेनी त्याला परत दिली. बाहेर मॉब्ज बाकावर सँडविच खात बसला होता.

"काय म्हणाली पोरगी? श्रीमंत झालास?"

"घरी जातो," क्लिफर्ड म्हणाला.

"अरे, अर्धं घे तरी. चेहरा बघ, उकडलेल्या कोबीसारखा झालाय."

पण क्लिफर्ड चालू लागला होता. तो कधी घाई करत नसे, म्हणून मॉब्ज त्याच्याकडे पाहत राहिला.

५

घरी अ‍ॅविस झोपली होती. वर आता खोकल्याला ताकद उरली नव्हती. नुसता श्वास ऐकू येत होता, आत ओढताना चिरकणारा. पावलं मात्र चालूच होती.

क्लिफर्डने तिन्ही पेनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडल्या. या सगळ्यावर आपला विश्वास नाही, हे त्याने मनात म्हणून पाहिलं. मग म्हटलं, विश्वास असो नसो, उघडलेलं परत दुमडून ठेवायला काय जातं. खड्डा बुजवतोच ना आपण.

त्याने पहिली पेनी चामड्यात धरली आणि जुन्या रेघेवर दाबली. टक्, असा आवाज झाला. चामडं उघडलं तर राजाच्या चेहऱ्याचे दोन तुकडे पडलेले होते.

वर पावलं थांबली.

त्याने तुकडे बाजूला सारले. एकदा वाकलेली, मग शेकून सरळ केलेली चांदी पुन्हा वाकत नाही, हे तो पंधरा वर्षं इतरांना सांगत आला होता. तरी त्याने दुसरी घेतली. हिला आधी ऊब दिली, पट्ट्यांत धरून केसभर दाबली, पुन्हा ऊब दिली. पाऊण तास त्याने श्वास रोखल्यासारखं काम केलं. अर्ध्यावर आली आणि तडकली.

वर कुणीतरी बसलं. खाटेच्या कडेला बसावं तशी स्प्रिंग वाजली. मग एक बाई अगदी हलक्या आवाजात बोलू लागली. शब्द कळत नव्हते, आपल्याकडचे वाटत होते आणि नव्हतेही. पण लय कळत होती. झोप, झोप, आत्ता होईल बरं, झोप.

"हो," क्लिफर्ड छताकडे बघून म्हणाला. "एक आहे अजून. ही करतो मी नीट. थोडा दम धर, बाई."

त्याने तिसरी पेनी मुठीत धरली. हिला गॅस नको, अंगाचीच ऊब देऊ, असं त्याला वाटलं. मूठ छातीशी घेऊन तो बसला.

तेव्हा पुढच्या खोलीत फोन खाली पडला.

६

अ‍ॅविस खाटेवर पुढे वाकलेली होती. दोन्ही हातांनी तिने पांघरूण गच्च धरलं होतं. तोंड उघडं होतं, पण आत काही जात नव्हतं. ओठ निळे पडू लागले होते.

क्लिफर्डने यंत्र लावलं. तिने मान हलवून ते झिडकारलं. त्याने फोन उचलून रुग्णवाहिका मागवली. पलीकडची मुलगी चांगली होती. म्हणाली, गाडी निघतेय, पण अर्धा तास तरी लागेल, त्यांना बसवून ठेवा, एकटं सोडू नका.

"नाही सोडत," तो म्हणाला.

अर्धा तास. त्याने अ‍ॅविसकडे पाहिलं. तिच्याकडे पाच मिनिटं नव्हती. ती त्याच्याकडेच बघत होती आणि तिच्या नजरेत भीतीपेक्षा माफी जास्त होती, जणू तिने दुधाचं भांडं सांडलं असावं.

उजव्या मुठीत पेनी तशीच होती.

त्याला सगळं कळत होतं. ती कुणाची, ती कुणासाठी, वर खाटेच्या कडेला कोण बसलंय आणि आपण तिला काय सांगून आलोय. हे नंतर कधीच त्याने स्वतःपासून लपवलं नाही. त्याने नाणं अ‍ॅविसच्या डोक्यावर, विरळ पांढऱ्या केसांवर धरलं आणि दोन्ही अंगठे लावले. गॅस नाही, चामडं नाही, पट्ट्या नाहीत. काय म्हणायचं ते त्याला माहीत नव्हतं.

"हिला," तो म्हणाला. "हिला दे."

पेनी वाकली. तडकली नाही. ओल्या चामड्यासारखी निमूट दुमडली आणि तिच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या.

अ‍ॅविसच्या छातीत काहीतरी सुटलं. तिने एक लांब श्वास आत घेतला. मग दुसरा. ती त्याच्या दंडावर डोकं टेकून रडू लागली, आणि रडण्यासाठीही श्वास लागतो हे क्लिफर्डला त्या क्षणी कळलं.

मग त्याच्या लक्षात आलं की वर काहीच ऐकू येत नाही. चिरकणारा श्वास नाही. बाईचा आवाज नाही.

घर इतकं शांत होतं की स्वतःचा श्वाससुद्धा मोठा वाटावा. त्या शांततेत स्प्रिंग एकदा वाजली. कुणीतरी उठलं. चार पावलं झाली, पण या वेळी वळणं झालं नाही. पहिली पायरी करकरली. मग थांबून दुसरी. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठड्याला धरून, खूप दिवसांच्या जागरणानंतर माणूस उतरतो तसं कुणीतरी उतरत होतं. आता टाचा वाजत होत्या. आता कुणाची झोप मोडायची राहिली नव्हती.

पावलं पुढच्या खोलीच्या दाराबाहेर येऊन थांबली.

७

रुग्णवाहिकेतली माणसं आली, त्यांनी अ‍ॅविसला तपासलं आणि म्हणाली, छाती अगदी मोकळी आहे, आश्चर्यच आहे, न्यायची गरज दिसत नाही. ती आली आणि गेली त्याच दारातून. त्यांना काही अडलं नाही.

ऑक्टोबर गेला. अ‍ॅविसला भूक लागू लागली. ती मॉब्जला म्हणाली, "तुझ्या मित्राला जरा शेतात ने रे, घरात बसून बसून बुरशी येईल त्याला." मॉब्जने दोनदा बोलावलं. क्लिफर्ड म्हणाला, गुडघे दुखतात.

तो आरामखुर्चीत बसून असतो. पेनी धरलेली उजवी मूठ खिशात असते. नॉरिचचे डॉक्टर म्हणाले, असं सुधारताना आम्ही फारसं बघत नाही, तुम्ही नशीबवान आहात. तो हो म्हणाला.

दार वीतभर उघडं असतं. त्या फटीत, चौकटीच्या कडेशी, कमरेच्या उंचीवर एक हात असतो. मनगटापर्यंतच दिसतो, पलीकडे अंधार आहे. बाईचा हात आहे. धुण्या-भांड्याने भेगाळलेला, नखांत माती. तळवा वर केलेला. हात हलत नाही, मागत नाही, रागावतही नाही. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. दुकानात आपला नंबर येण्याची वाट बघावी तसा तो हात थांबलेला असतो. सकाळीही आणि दुपारीही. कधीकधी दमून थोडा खाली येतो आणि मग पुन्हा उचलला जातो.

एकदा त्याने खिशातून मूठ काढली होती. दारापर्यंत गेलाही होता. पाठीमागे अ‍ॅविस झोपेत शांत श्वास घेत होती. तो तिथे उभा राहून श्वास मोजत राहिला, आणि मग परत येऊन बसला.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी वारा सुटला. अ‍ॅविसने शाल गळ्यापर्यंत ओढली.

"क्लिफ, ते दार लाव ना रे. केवढा गार झोत येतोय. मला पुन्हा आजारी पाडायचंय का?"

"लावतो," तो म्हणाला.

तो उठला. स्वतःचा कोट काढून त्याने तिच्या पायांवर घातला, तिची खाट इंच इंच सरकवत खिडकीच्या भिंतीला नेली, आणि सदऱ्यावरच दाराकडे पाठ करून वाऱ्याच्या वाटेत उभा राहिला.

"अरे, दार!" अ‍ॅविस म्हणाली. "एवढं साधं दार लावता येत नाही?"

"नाही," क्लिफर्ड हळूच म्हणाला. "बोटं चेंगरतील."